क्लचप्लेट ३८,००० किमीला संपली. कोणत्या सवयी बदलू?

मुळशीकर

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात गाडीचा क्लच बदलला. छोटी पेट्रोल हॅचबॅक, वय साडेचार वर्षं, मीटरवर ३८,२०० किमी. लक्षणं महिनाभर आधीपासून दिसत होती, मला ती ओळखता आली नाहीत. चांदणी चौकातून भूगावकडे येताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, आरपीएमचा काटा वर जायचा, पण गाडीचा वेग होता तेवढाच. मला वाटलं पेट्रोलमध्येच काहीतरी गडबड आहे, म्हणून पंप बदलून पाहिला. मग एका रविवारी पिरंगुटच्या घाटात, गाडीत आम्ही चौघं असताना, पहिल्या गिअरमध्येही गाडी पुढे सरकेना. आत जळका वास. आईला घेऊन रस्त्याच्या कडेला दीड तास उभे होतो.

मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून जुनी प्लेट हातात दिली. लायनिंग, म्हणजे प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर, रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेलं. फ्लायव्हीलवर निळसर डाग, तापल्याचे. तो एवढंच म्हणाला, "साहेब, हे गाडीने नाही केलं, पायाने केलंय."

हे मनाला लागलं, कारण माझे बाबा साताऱ्याला याच मॉडेलची जुनी गाडी चालवतात. १ लाख १० हजार किमी झाले, क्लच पहिलाच आहे. म्हणजे फरक माझ्या चालवण्यात आहे.

माझ्या सवयी जशा आहेत तशा लिहितो. गाडी चालू असताना डावा पाय क्लचवर टेकलेला असतो. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभा राहतो. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवरच सरकत असतो. आणि सोसायटीच्या बेसमेंटमधून बाहेर पडताना वॉचमन गेट उघडेपर्यंत गाडी रॅम्पवर क्लच आणि ॲक्सिलरेटरवर धरून ठेवतो, ब्रेक लावत नाही. यातलं नेमकं काय क्लच खातं आणि कशाने फारसं बिघडत नाही, हे कुणी नीट समजावून सांगेल का? नवा क्लच मला असा घालवायचा नाही.

---

घोडबंदर

माझा पहिला ४५ हजारला गेला होता. गायमुखचा चढ, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, रोजचं जाणं-येणं. तेव्हापासून डावा गुडघाही दुखतो. धागा वाचतोय.

---

पाना_पकड

मुळशीकर, प्रश्न चांगला मांडलात. माझं गॅरेज आहे आणि त्याआधी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

क्लचमध्ये तीन गोष्टी लक्षात घ्या. इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील, गिअरबॉक्सकडे जाणारी क्लचप्लेट, आणि त्या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल पूर्ण सोडलेलं असलं की तिन्ही एकजीव होऊन फिरतात, घासत काहीच नाही, झीज शून्य. पेडल पूर्ण दाबलेलं असलं की प्लेट मोकळी, तेव्हाही लायनिंग झिजत नाही. झिजतं ते मधल्या वेळात, जेव्हा फ्लायव्हील एका वेगाने फिरतंय, प्लेट दुसऱ्या वेगाने, आणि दोघं एकमेकांवर दाबलेले आहेत. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. गाडी जागेवरून हलवायला तो लागणारच. तो किती वेळ लागतो, आणि तेव्हा इंजिन किती वेगात असतं, यावर सगळं आयुष्य ठरतं.

आता हिशोब. सपाट रस्त्यावर इंजिन एका ठरावीक आरपीएमला धरून गाडी सोडली, तर क्लच पूर्ण लागेपर्यंत क्लचमध्ये जितकी उष्णता तयार होते ती त्या क्षणी गाडीत आलेल्या गतिज ऊर्जेएवढी असते. माणसांसकट ११०० किलोची गाडी घ्या. छोट्या गाडीत पहिल्या गिअरला १००० आरपीएमला साधारण ७ किमीचा वेग असतो. तिथे क्लच लागला तर उष्णता सुमारे २ किलोज्यूल. तुम्ही २००० आरपीएमला रेस देऊन सोडलीत तर वेग दुप्पट, म्हणून उष्णता चौपट, ८ किलोज्यूलच्या वर. ३००० ला नऊपट. सिग्नल सुटल्यावर घाईने रेस देत क्लच सोडणारे लोक नऊ वेळा सुटण्याची झीज एकदाच करून टाकतात. दुसऱ्या गिअरमध्ये जागेवरून सुटणाऱ्यांचंही तेच. दुसऱ्या गिअरला तेवढ्याच आरपीएमला वेग पावणेदोन-दोनपट असतो, म्हणजे उष्णता साडेतीनपट.

आणि तुमचा रॅम्प. दर १० मीटरला १ मीटर चढ धरा. ही गाडी तिथे क्लचवर तोलून धरायची तर, इंजिन १२०० आरपीएमला असेल तेव्हा, क्लचमध्ये सतत सुमारे अडीच किलोवॅट उष्णता जाते. घरातला गीझर असतो साधारण तेवढा. वॉचमनला यायला अर्धा मिनिट लागला तर तेवढ्यात ७५ किलोज्यूल. सपाटीवर गाडी नीट सोडताना जे लागतं त्याच्या पस्तीसपटीहून जास्त. बेसमेंटचे रॅम्प याहून उभे असतात, म्हणजे खरा आकडा आणखी मोठा. दिवसातून एकदा हे होत असेल तर तुमची प्लेट कुठे गेली हे मला त्या निळ्या डागांवरूनच कळतंय.

म्हणून तुमच्या चार सवयींपैकी रॅम्पची पहिली बंद करा. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला टाका, गेट उघडल्यावर मग निघा.

पाय टेकवणं हा दुसरा शत्रू. पेडलवर पायाचं नुसतं वजन पडलं तरी प्रेशर प्लेटचा दाब थोडा कमी होतो आणि रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, कायम भार राहतो. एरवी हे जाणवत नाही, पण चढावर पूर्ण ताकद लागते तेव्हा प्लेट किंचित घसरते. पेडलच्या डावीकडे पाय ठेवायला जागा असते, डेड पेडल म्हणतात, तिथे पाय ठेवायचा. गिअर बदलायचा तेव्हाच तो क्लचवर यायला हवा.

---

शिकाऊ_चालक

पाना_पकड दादा, खूप उपयोगी लिहिलंत. मी तीन महिन्यांपूर्वी लायसन्स काढलं. माझी अडचण अशी की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी चढावर गाडी व्यवस्थित काढायचे, आणि आता स्वतःच्या गाडीत ती मागे जाते. घाबरून मी रेस जास्त देते आणि क्लच अर्ध्यावर अडकवून ठेवते. काल वास आला. क्लच गेला का?

---

पाना_पकड

ताई, एकदा वास आला म्हणजे क्लच गेला असं नाही. वास आला की गाडी सुरक्षित जागी घ्या, न्यूट्रलला टाका, पेडल सोडा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटमधून हळूहळू निघून जाते. तापलेल्या क्लचवर लगेच परत प्रयत्न करत राहिलं की लायनिंग करपून गुळगुळीत होतं, आणि मग ते पकडत नाही.

स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. बऱ्याच वेळा चढावर गाडी तोच सांभाळत असतो आणि शिकणाऱ्याला ते कळत नाही. तुमची चूक नाही, ती गोष्ट तुम्हाला शिकायलाच मिळाली नव्हती.

चढावर असं करा. हँडब्रेक ओढलेला. पहिला गिअर. ॲक्सिलरेटर हलका, १२००-१५०० च्या आसपास, आवाज कानाला कळेल इतकाच. क्लच सावकाश वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि गाडीचं नाक किंचित उचलतं. तो तुमचा पकडण्याचा बिंदू. तिथे पाय क्षणभर स्थिर, हँडब्रेक खाली, गाडी पुढे सरकते, आणि दोन-तीन सेकंदांत क्लच पूर्ण सोडून पाय बाजूला. गाडी मागे जायचा प्रश्नच येत नाही, कारण ती पकडेपर्यंत हँडब्रेकवर आहे.

सरावाला आधी रिकामं सपाट मैदान घ्या आणि ॲक्सिलरेटरला पायच लावू नका. नुसत्या क्लचवर गाडी हलवा. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळतो, आरपीएम पडायला लागले की तो स्वतः थोडं पेट्रोल वाढवतो. त्यामुळे सपाटीवर रेस न देताही गाडी निघते. वीस-पंचवीस वेळा केलंत की पकडण्याचा बिंदू पायाला पाठ होतो.

अजून एक. सीट पुढे घ्या. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. सीट लांब असली की पायाच्या बोटांनी पेडल सोडावं लागतं आणि त्यावर ताबा राहत नाही. घोडबंदर, तुमच्या गुडघ्यासाठीही हे आधी तपासा. आणि क्लच पूर्वीपेक्षा जड लागतोय का तेही पाहा. केबल आतून गंजली किंवा प्रेशर प्लेट थकली की पेडल जड होतं.

---

लालपरी

माझे वडील एसटीत चालक होते, ३१ वर्षं. मला गाडी त्यांनीच शिकवली. त्यांचं एक वाक्य मी विसरत नाही: "क्लच हा दरवाजा आहे, उंबरठ्यावर उभं राहायचं नाही. आत तरी या, नाहीतर बाहेर तरी थांबा."

घाटात ट्रॅफिक तुंबलं की ते कधी गाडीला गाडी लावत नसत. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी सोडायचे आणि पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, इंजिनाच्या स्वतःच्या चालीने बस सरकवत राहायचे. पुढचे वीस वेळा थांबून निघाले तर यांची बस तीन-चार वेळाच थांबायची. मागून हॉर्न वाजायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. खंबाटकीत मालट्रकवाले बघा, भरलेला ट्रक घेऊन असेच जातात. चढावर अर्ध्या क्लचवर लटकलेला ट्रक तुम्हाला क्वचितच दिसेल, कारण त्यांचं पोट त्यावर आहे.

मी छोट्या गाडीत हेच करतो. पहिल्या गिअरला क्लच सोडून दिला की गाडी पाच-सहा किमीच्या वेगाने आपोआप चालते, माणसाच्या भरभर चालण्याएवढ्या. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकचा बराच वेळचा वेग तोच असतो. मोकळ्या जागेत कुणी रिक्षा घुसली तर घुसू द्यावी. ८८ हजार झाले, क्लच कंपनीचाच आहे.

---

दख्खनी

लालपरी, वडिलांना नमस्कार सांगा. मीही एक सांगतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, क्लचही वाचतो आणि पेट्रोलही. मी आंबोली उतरताना नेहमी करतो.

---

लालपरी

दख्खनीभाऊ, कृपा करून हे करू नका. वडील आज हयात नाहीत, पण असते तर तुम्हाला हात जोडून हेच म्हणाले असते.

उतारावर गाडी गिअरमध्ये आणि क्लच पूर्ण सोडलेला असेल तर प्लेट घसरतच नाही, झिजणार कशी? उलट इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलला टाकलीत की सगळा भार ब्रेकवर. आंबोलीसारख्या लांब उतारावर ब्रेक तापून पकडेनासे होतात, आणि पावसाळ्यात तिथे काय असतं हे तुम्हाला माहीत आहे, धुकं, वळणं, थांबलेल्या गाड्या.

---

पाना_पकड

लालपरींशी शंभर टक्के सहमत. पेट्रोलचंही उलट आहे. इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर कॉम्प्युटर इंजिनाचं पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

उतरताना खालचा गिअर टाकताना मात्र क्लचचा संबंध येतो. तिसऱ्यावरून दुसरा टाकून क्लच एकदम सोडला तर गाडी हिसका देते, तो हिसका प्लेटने सोसलेला असतो. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करून आरपीएम थोडे वर आणा आणि मग सोडा. गाडीला कळतही नाही. पण आधी वेग ब्रेकने कमी करा, क्लचने नाही.

---

टेम्सकाठी

मी पुण्याचा, नऊ वर्षं इंग्लंडमध्ये. सिग्नलच्या प्रश्नावर लिहितो. इथे मॅन्युअल गाडीवर परीक्षा दिली नाही तर फक्त ऑटोमॅटिक चालवायचं लायसन्स मिळतं, म्हणून मी भारतातला अनुभव असूनही नव्याने शिकवणी लावली. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझा सिग्नलवरचा डावा पाय पकडला. गाडी थांबली की हँडब्रेक, न्यूट्रल, दोन्ही पाय मोकळे. इथल्या हायवे कोडमध्येही, म्हणजे वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत, रांगेत थांबल्यावर हँडब्रेक लावून पायब्रेक सोडावा असं आहे, पण त्याचं कारण वेगळं, मागच्याच्या डोळ्यांत ब्रेकलाइट जाऊ नये. क्लचला त्याचा फायदा होतोच.

पण मला एक शंका आहे. पाना_पकड म्हणाले की पूर्ण दाबलेल्या क्लचने लायनिंग झिजत नाही. मग सिग्नलला दाबून उभं राहिलं तर नुकसान कशाचं?

---

पाना_पकड

लायनिंगचं नाही, बरोबर. नुकसान रिलीज बेअरिंगचं. पेडल दाबलेलं असेपर्यंत ते फिरत्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांवर पूर्ण भाराने दाबलेलं असतं. ९० सेकंदांचा सिग्नल, दिवसाला पंधरा सिग्नल, मोजा किती वेळ होतो तो. बेअरिंग स्वस्त आहे हो, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी क्लच बदलण्याएवढीच. शिवाय दमलेला पाय नकळत थोडा वर येतो आणि प्लेट घासायला लागते. मला गॅरेजमध्ये खरी भीती त्याची वाटते.

पाच-सात सेकंद थांबायचं असेल तर दाबून राहिलात तरी चालेल. त्याहून जास्त थांबायचं दिसलं की न्यूट्रल. आकडे दाखवणारा सिग्नल असेल तर पाच उरल्यावर गिअर टाका.

बेअरिंग गेलं हे ओळखायला सोपं आहे. क्लच दाबला की घर्रऽऽ आवाज येतो आणि सोडला की बंद होतो, तर रिलीज बेअरिंग. उलट न्यूट्रलला क्लच सोडलेला असताना आवाज आणि दाबल्यावर गप्प, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. गॅरेजमध्ये जाताना हे एवढं सांगितलंत तरी मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

आणि ज्यांची गाडी केबल क्लचची आहे त्यांनी पेडलला वरच्या बाजूला थोडा मोकळा खेळ आहे का हे सर्व्हिसिंगच्या वेळी बघायला सांगा. प्लेट झिजते तसा तो खेळ कमी होतो. तो संपला की पाय न लावताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो, आणि चांगली प्लेट काही महिन्यांत संपते. हायड्रॉलिक क्लचला हा प्रश्न बहुधा नसतो, पण त्यात ब्रेकचंच ऑइल असतं, ते वेळेवर बदला.

---

गड_किल्ले

सिंहगडाबद्दल लिहायलाच हवं, पावसाळा तोंडावर आहे. शनिवार-रविवारी वर पार्किंग भरलं की घाटात खालपर्यंत रांग लागते. मी दर वर्षी तिथे पाच-सहा गाड्या बोनेट उघडून उभ्या बघतो. आत म्हातारी माणसं, लहान मुलं, बाहेर पाऊस, आणि सगळीकडे तो जळका वास. लोक चढावर दर दोन मीटरला गाडी सरकवतात, मध्ये क्लचवर तोलून धरतात. पुढची गाडी निदान पंधरा-वीस फूट सरकेपर्यंत हँडब्रेकवर थांबलं तर काही बिघडत नाही. नाहीतर पहाटे सहाच्या आत जा. किंवा पायथ्याला गाडी लावून आतकरवाडीच्या वाटेने चालत जा, गड तसाच जास्त चांगला दिसतो.

---

शिकाऊ_चालक

ऑटोमॅटिक घेतली असती तर हे सगळं टळलं असतं का? माझ्या मैत्रिणीची एएमटी आहे.

---

पाना_पकड

एएमटी म्हणजे हीच क्लचप्लेट आणि हाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे ती पसरली. मैत्रिणीला मुद्दाम सांगा: चढावर एएमटी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली तर आत हाफ क्लचच चालू असतो. पेडल दिसत नाही म्हणून लोकांना कळत नाही. ब्रेक दाबून थांबायचं, निघताना स्पष्ट ॲक्सिलरेटर द्यायचा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी, तिथे क्लचप्लेटऐवजी तेलातून ताकद पुढे जाते.

---

मुळशीकर

चार महिन्यांनी धागा वर काढतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

पाय डेड पेडलवर ठेवायची सवय लागायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात बायको शेजारी बसून दर थोड्या वेळाने "पाय" एवढंच म्हणायची. सिग्नलला आता न्यूट्रलशिवाय करमत नाही. ट्रॅफिकमध्ये लालपरींच्या वडिलांची रीत सर्वांत अवघड गेली, कारण मोकळी जागा दिसली की ती भरून काढायची घाई माझ्यातच होती. ती कमी झाल्यावर संध्याकाळी घरी पोचल्यावरचा थकवाही कमी झाला.

रॅम्पचं मात्र वेगळंच झालं. हँडब्रेक लावून थांबायला लागलो, पण मागून दुसरी गाडी आली की ती माझ्यामागे चढावर अडकायची, आणि तिचा चालक तेच करायचा जे मी करत होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाना_पकड यांचा गीझरचा हिशोब वाचून दाखवला. आता रॅम्पच्या खाली, सपाट जागेत, भिंतीवर एक बेल लावली आहे. ती वाजवायची, गेट उघडल्याचा दिवा लागला की निघायचं. बाराशे रुपये खर्च आला.

पाना_पकड, एक शेवटचा प्रश्न. परवा मेकॅनिककडे तो हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायची चाचणी करत होता. इंजिन लगेच बंद पडलं, तो म्हणाला क्लच उत्तम आहे. ही चाचणी मी घरी वर्षातून एकदा केली तर चालेल ना, की तिनेही झीज होते?

---

पाना_पकड

सपाट जागेत, समोर माणूस नसताना, पायब्रेकही दाबून, एकदाच करा. इंजिन लगेच बंद पडलं तर झीज नगण्य. बंद न पडता चालूच राहिलं तर लगेच क्लच दाबा आणि गॅरेजला या. बेलची कल्पना आमच्या सोसायटीत सांगतो.